एकतीस टक्क्यांवर

पडद्यावर एकतीस टक्के होते आणि ते तासाभरापासून एकतीसच होते. खाली लिहिलं होतं, ‘कृपया संगणक बंद करू नका.’ फोरमन खुर्चीच्या कडेवर बसून त्या आकड्याकडे असे बघत होते, की आकड्याला लाज असती तर तो एव्हाना बत्तीस झाला असता. पावणेचार वाजले होते. चारला मुलीचा फोन येणार होता आणि फोरमनना बोलायचं होतं.

बोलायचं म्हणजे टाइप करायचं. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. आठ लेथ चालू असताना ज्यांची हाक वर्कशॉपच्या फाटकापर्यंत पोचायची, त्यांच्या गळ्यातून आता नुसती हवा यायची. तेव्हापासून ते टाइप करत आणि कॉम्प्युटर बोले. आवाज गेला, हुकूम मात्र गेले नाहीत. चहा आण, पंखा लाव, टीव्ही बंद कर, सगळं त्या गुळगुळीत आवाजात थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचं.

म्हणून तर अपडेटचं नाव काढलं तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा प्रिंटर याच अपडेटनंतर बंद पडला होता. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने जपून ठेवलेली गिऱ्हाइकांची मापं गेली होती, ती अजून कंपनीच्या नावाने बोटं मोडत होती. पाच महिने रोज सकाळी पडदा विचारायचा आणि पाच महिने फोरमन ‘नंतर’ दाबायचे. घरात सक्त ताकीद होती, त्या चौकटीला कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे बायकोने. घरात दुसरं होतं कोण? आणि आज जेवून ते जरा आडवे काय झाले, उठून बघतात तर हे सुरू.

‘कुणी दाबलं?’ त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं. ओठ वाचायला बायको आता सरावली होती.

“पुसताना हात लागला असेल,” ती म्हणाली. “मला मेलीला काय कळतंय त्यातलं.”

यावर फोरमनच्या ओठांनी तिला जे काही सुनावलं, त्यात तिचं माहेर आलं, तिची अक्कल आली आणि कंपनीच्या सात पिढ्याही आल्या. पण शिव्यांना आवाज लागतो. तो नसला की माणूस तोंड हलवत बसतो आणि समोरची मटार सोलत बसते.

मुलीने काल मैत्रिणीच्या फोनवरून आईला गाठलं होतं. नवऱ्याने पुन्हा हात उचलला होता. तिचा मोबाइलही काढून घेतला होता. “मी घरी येऊ का, एवढंच बाबांना विचार,” ती म्हणाली होती. “उद्या चारला ऑफिसातून करते. बाबांनी ‘ये’ म्हटलं तरच निघेन. मागच्यासारखं दारातून परत नाही जायचं मला, आई.”

मागच्या वेळी फोरमनचा गळा शाबूत होता. आल्या पावली परत जा, असं त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं होतं, आणि त्यात काही चुकलं असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं. भांड्याला भांडं लागायचंच. आजचं उत्तर त्यांनी सकाळीच टाइप करून ठेवलं होतं, मोजून अकरा वाक्यं, आणि नाश्त्याच्या वेळी एकदा वाजवूनही बघितलं होतं. “तुझं घर तिथे आहे. थोडं सोसायला शीक. इथे येऊ नकोस.” कॉम्प्युटरने ते बातम्या वाचाव्यात तसं म्हणून दाखवलं. बायको रिकामी बशी धरून उभी राहिली.

पडदा काळा झाला. फोरमन अर्धे उठले. पडदा परत उजळला. एकतीस टक्के. त्यांची कानशिलं तापली, त्यांनी बटणाकडे हात नेला.

“बंद करू नका हो,” बायको म्हणाली. “मध्येच बंद केलं तर कायमचं जाईल, असं लिहिलंय.”

हात तसाच राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

बायकोने पदराला हात पुसून तो उचलला. “हो गं. आहेत ना, समोरच बसलेत. कॉम्प्युटर बंद पडलाय, पण ते लिहून देतील. मी वाचून दाखवते तुला.”

फोरमननी जुनं पाकीट ओढलं. उलट्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘येऊ नकोस. तिथेच राहा.’ खाली दोन रेघा मारल्या आणि ते तिच्या नाकासमोर धरलं.

तिने चष्मा लावला. सावकाश, सगळं वाचलं. मग फोनमध्ये म्हणाली, “बाबा म्हणतात, ये.”

वाचायला चुकली असेल, असं वाटून फोरमननी ‘नकोस’वर बोट ठेवलं.

“म्हणतात, आजच निघ. कपडे आणायला म्हणून तिकडे परत जाऊ नकोस, ऑफिसातूनच सरळ ये. मागच्या वेळी माझं चुकलं, म्हणतात.”

माझं चुकलं हे शब्द फोरमननी उभ्या जन्मात उच्चारले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा आली. ते फोन हिसकावायला झेपावले, तर ती शांतपणे त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. आणि फोन हातात आला असता तरी त्यात ते बोलणार काय होते? संताप असा उसळला की त्यांनी दोन्ही मुठी टेबलावर आपटल्या, पुन्हा आपटल्या, आपटतच राहिले. सोललेले मटार घरभर घरंगळले.

“आई, आवाज कसला तो?” मुलीचा घाबरलेला प्रश्न फोरमननाही ऐकू आला. “बाबा चिडलेत का?”

बायकोने वळून त्यांच्या डोळ्यांत बघितलं. पस्तीस वर्षांत असं तिने कधी बघितलं नव्हतं.

“नाही गं,” ती म्हणाली. “बोलता येत नाही ना त्यांना. म्हणून टेबल वाजवून ‘ये, ये’ म्हणताहेत.”