वाकडी ओळ

धानाच्या रोवणीत आचलची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ पडायची. त्या दिवशी मात्र अर्ध्यातूनच ती वाकडी व्हायला लागली. हातातून रोप निसटत होतं, बोलताना जीभ जड होत होती.

"काऊन वं, रातभर मोबाईल पाहत होती का?" बाया हसल्या.

"उजवा हात बधिर लागून राह्यला, आई," सत्तावीस वर्षांची आचल सासूला म्हणाली.

"चिखलात सगळ्याईचेच हात बधिर होतेत," बायनाबाई म्हणाली. "लाव सरळ."

सून लावत राहिली आणि शेताच्या कडेला, धुऱ्याजवळ येऊन कोसळली. डॉक्टरांनी लकवा सांगितला, आणायला फार उशीर झाला म्हणाले. तरण्याताठ्या पोरीला लकवा कसा, हे बायनाबाईला कळेचना. सून घरी परतलीच नाही.

धान पिकलं. बायनाबाईनं सगळी बांधी कापली, ती एक ओळ तेवढी उभी ठेवली.

"आई, एवढं काऊन सोडलं?" मुलानं विचारलं.

ओळ जिथून वाकडी झाली होती, तिथल्या धानावर तिनं हात ठेवला.



"इथी होती, तवाच दवाखान्यात नेलं पायजे होतं तिले."