लग्नाला येऊ नका

"परवा लग्नाला यायचं नाही," ओंकार म्हणाला. "तेवढंच सांगायचंय."

देशपांडे नगरातल्या त्या मानसोपचाराच्या दवाखान्यात दुपारी पेशंट नसतात. खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या. तिसरी खिडकीशी, तिच्यात स्वाती. डॉक्टर वादिराजांची, म्हणजे ओंकारच्या अप्पांची, पहिली विद्यार्थिनी. आता दवाखाना तीच चालवते. ओंकार लहान असल्यापासून तिला माहीत.

"तेवढंच नाही," ती म्हणाली. "सगळं सांग. आणि अप्पांना सांग, मला नको."

"अप्पांना? अप्पांकडं वेळ कधी होता? कलघटगीहून पहिल्या बसनं माणसं यायची, ह्यांच्यासमोर रडून हलकी होऊन जायची. अख्ख्या हुबळी-धारवाडचं दुःख ह्यांना तोंडपाठ. घरी आले की, डोकं दुखतंय, नंतर बोल. ते नंतर कधी आलं, अप्पा?"

समोरून उत्तर नाही.

"बघ. गप्प बसायचीच तर फी घेतली जन्मभर."

"रविवारचं सांग," स्वाती म्हणाली.

ओंकारच्या मुठी आवळल्या. डॉक्टर दर रविवारी पेपरात लिहायचे. त्या सदरानंच त्यांचं नाव झालं, लोक कात्रणं जपून ठेवायचे. एका रविवारी दहा वर्षांच्या मुलाची हकीकत आली. अंथरूण ओलं करणाऱ्या. नाव बदललेलं. पण वडील डॉक्टर, आई गाणं शिकवते, कपाळावर झोपाळ्यावरनं पडल्याची खूण, हे सगळं जसंच्या तसं.

"सोमवारी माझ्या बाकावर कुणीतरी प्लॅस्टिक अंथरून ठेवलं होतं. दहावीपर्यंत मी टँकर. मास्तरसुद्धा टँकरच म्हणायचे. घरी येऊन रडलो, तर तुम्ही विचारलंत, तुला नेमकं काय वाटतंय? तुमचं पेन मोडावं वाटत होतं, अप्पा."

तो धापा टाकत होता.

"सदराचं पुस्तक निघताना आईनं हात जोडले, हे त्यात घालू नका म्हणून. घातलंत. सात आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्तीत मी अंथरूण ओलं करतोय."

तो थांबला.

"थांबू नकोस, ओंकार," स्वाती हळूच म्हणाली.

"तारिहाळच्या कारखान्यात मला कुणी तुमचा मुलगा म्हणून ओळखत नाही. लेथवर लोखंड कापतो, सुखात आहे. राधाला, माझ्या होणाऱ्या बायकोला, त्या पानाचं काही माहीत नाही. तुम्ही मांडवात आलात की पाहुणे पाया पडायला रांग लावणार. कुणीतरी पुस्तकाचा विषय काढणार. मग तिच्यासमोर मी कोण? म्हणे माफी मागायला येतो. चारशे माणसांत? म्हणजे माफीचंही तुमचंच कौतुक. साकु, अप्पा. बास झालं. येऊ नका."



"झालं?" स्वातीनं विचारलं.

"झालं."

"मग आता उठा, सर. ओंकार होऊन बोललात. आता तुमच्या खुर्चीत बसा आणि त्याला उत्तर द्या."

सत्तरीचे डॉक्टर वादिराज गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि समोरच्या, इतका वेळ रिकाम्या असलेल्या खुर्चीत जाऊन बसले.