साहेबांचा शोकप्रस्ताव

साहेबांचा एक गाल घोटून झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता, आणि टीव्हीवर सभागृहाचे अध्यक्ष उभे राहून सांगत होते, की साहेब वारले.

"अगं ए!" साहेब ओरडले. "इकडे ये लवकर. मी मेलोय!"

बायको हात पुसत आली. तिने टीव्हीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं.

"काहीतरीच," असं म्हणून तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

साहेब म्हणजे माजी आमदार. तीनदा निवडून आले, मग दोनदा आपटले. तेव्हापासून नावामागचा तो 'माजी' त्यांना बुटात खडा जावा तसा टोचायचा. आता त्यांच्या जुन्या जागेची पोटनिवडणूक लागली होती. अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस, तोही तीन वाजेपर्यंतच, आणि पक्षाने तिकीट अजून कुणालाच दिलं नव्हतं. एक तर साहेबांना मिळणार, नाहीतर त्या वीटभट्टीवाल्याला. बायकोने बाहेरच्या खोलीत शेजाऱ्यांच्या खुर्च्यासुद्धा आणून मांडल्या होत्या. माणसं लोटली तर बसवायचं कुठे?

"पक्षप्रमुखांना फोन लाव! मी जिवंत आहे म्हणून सांग. मेलेल्याला कोण तिकीट देतंय?"

"लावते हो. आधी ऐका तरी काय म्हणतायत ते. जिवंतपणी कुणाच्या नशिबात असतं हे?"

साहेब बसले. ऐकायला काय जातंय?

विरोधी पक्षनेता बोलायला उठला. याने साहेबांना आयुष्यभर 'ठोकळा' म्हटलेलं. आज म्हणाला, असा अभ्यासू वक्ता पुन्हा होणे नाही.

खरं सांगायचं तर साहेब सभागृहात स्वतःच्या मनाने एकदाच बोलले होते. "जरा ती खिडकी लावा, वारा येतोय." बाकी सगळी भाषणं बायकोने लिहायची आणि साहेबांनी वाचायची. एकदा तर पानं खालीवर झाली, तरी साहेब थांबले नाहीत. बाकं तेवढीच वाजली.

"त्यांचं पाण्यावरचं भाषण आम्ही विसरणार नाही," विरोधी पक्षनेता डोळे पुसत म्हणाला.

साहेबांनीही डोळे पुसले. "चांगलं झालं होतं ना गं ते?"

"हो तर," बायको म्हणाली. "छान वाचलंत तुम्ही."

मग सभागृह श्रद्धांजलीला उभं राहिलं. इकडे साहेबही मान खाली घालून उभे राहिले. सवय, दुसरं काय! दिवसभराचं कामकाज तहकूब झालं.

एव्हाना साहेबांचा मोबाइल ऊर फुटल्यासारखा वाजत होता. बायकोने तो बंदच करून टाकला. "तुम्ही हॅलो म्हणालात तर पलीकडचा जागच्या जागी गार व्हायचा."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. पक्षप्रमुख.

"मी जातो बाहेर," साहेब उठले.

"या अवतारात? बनियनवर, तोंडाला फेस? त्यांचं हृदय आधीच नाजूक. तुम्हाला बघून तेच आडवे व्हायचे. थांबा, मी हळूच सांगते."

ती बाहेर गेली आणि दार लोटून घेतलं. साहेबांनी बिनफेसाचा कान दाराला लावला.

"घात झाला हो वहिनी," पक्षप्रमुख हुंदके देत होते. "आणि आम्हाला कळवलंही नाहीत!"

"भाऊ, ऐका तर खरं. ते आतच आहेत, तुम्ही जरा..."

"नको, नको! मला बघवणार नाही." त्यांनी नाक शिंकरलं. "आता तुमच्यापासून काय लपवू? तिकीट मी वीटभट्टीवाल्यालाच देणार होतो. म्हटलं, साहेब आता थकले. पण आज विरोधी पक्षनेता ढसाढसा रडला, अख्ख्या मतदारसंघाने बघितलं. आता दुसऱ्या कुणाला उभं केलं, तर लोक मला जोड्याने मारतील. तिकीट तुम्हालाच घ्यावं लागेल, वहिनी."

आत साहेबांचा हात कडीवर होता. बाहेर पडलो तर तिकीट वीटभट्टीवाल्याला. नाही पडलो तर निदान घरात तरी राहतंय.

हात कडीवरून हळूच खाली आला.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," बायको म्हणत होती.

"तुम्ही फक्त सही करा. बाकी आम्ही बघतो."

"कपडे तरी बदलून येते."

"नको, नको. हेच साधे बरे दिसतायत."

गाडी गेली. साहेब आरशापुढे आले आणि राहिलेला गाल घोटायला घेतला.

बिचारी! एवढा मोठा माणूस दारात आलेला बघून गडबडली, सांगायचं ते राहूनच गेलं. असू दे. तीन वाजून गेले, की आपण उठून बसायचं. कुणा कारकुनाने घोळ घातला, म्हणायचं. मग ती बसेल खुर्चीवर, कारभार आपण हाकू. तिला काय, सही कर म्हटलं की करेल. त्या कारकुनाचा मात्र हार घालून सत्कार करायला हवा.

साहेब शीळ घालायला लागले.

तेवढ्यात घरातला जुना फोन वाजला आणि सवयीने त्यांनी तो उचलला.

"नमस्कार, विधानमंडळातून कारकून बोलतोय. बाई आहेत का? बाहेर गेल्या? मग तुम्हीच सांगा. साहेबांचं वय काय होतं हो? छापायला द्यायचंय. काल दुपारी बाईंनीच फोन करून साहेब गेल्याचं कळवलं. सभागृह भरेपर्यंत कुणाला बोलू नका, असं इतकं बजावलं, की त्या नादात वय विचारायचंच राहून गेलं."