तितिलियाची होडी

पंखा मिळाला तेव्हा कर्स्टनला काहीच उमगलं नाही. "किती सुरेख विणलाय," एवढंच ती म्हणाली होती. तिघं पाहुणे जिच्या घरी उतरले होते, त्या म्हाताऱ्या तितिलियाने केवड्याच्या पातीचा तो पंखा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. दुपारी कर्स्टनच्या नवऱ्याने, डेलने, चटई वाखाणली. संध्याकाळी चटई गुंडाळून त्याच्या पाठपिशवीला बांधलेली. त्यांची आठ वर्षांची मुलगी टेस कोंबडीला 'गोड' म्हणाली, तर पाय बांधलेली कोंबडी तिच्या मांडीवर आली.

तेव्हा शेजारीण केलेराने तिघांना बाजूला घेतलं.

"अहो, जरा तोंड आवरा. आमच्याकडे पाहुण्याने वस्तूचं कौतुक केलं की ती त्याची होते. घरच्या माणसाने मागितली तरी तेच. नाही म्हणायची रीतच नाही. नवरा गेल्यापासून म्हातारीचं घर कसं मोकळं झालंय, बघताय ना?"

कर्स्टन मान खाली घालून ऐकत राहिली. घर किती मोकळं आणि हवेशीर आहे, असं तिने कालच वहीत मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं.

माणसं मनाची चांगली होती, हे मान्य करायला हवं. दूरच्या केर्न्स शहराहून पाठीवर पिशव्या टाकून निघालेली. तीन महिने बेटामागून बेट पालथं घालत ती आमच्या तावेउनी बेटावर आली होती. मिळेल तिथे झोपायची, पानात पडेल ते खायची, कशाला म्हणून नाक मुरडायची नाहीत.

त्या संध्याकाळी कर्स्टनने नियम घालून दिला. समुद्राचं, धबधब्याचं, जेवणाचं हवं तेवढं कौतुक करा. वस्तूंचं नाही. आणि होडीचं तर चुकूनसुद्धा नाही.

होडी तितिलियाच्या नवऱ्याने एका ओंडक्यातून कोरलेली होती, बाजूला तोल सांभाळणारी लाकडी उलांडी लावलेली. घरात त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं. अडुसष्टाव्या वर्षीही म्हातारी रोज सकाळी ती एकटीने पाण्यात लोटायची आणि खडकांच्या आतल्या शांत पाण्यात गळ टाकून बसायची. होडी गेली की मासे गेले, आणि मासे गेले की म्हातारीने दुसऱ्याच्या चुलीकडे बघत बसायचं.

जेवणाला मुभा होती, म्हणून पाहुण्यांनी सगळी हौस तिथेच भागवून घेतली. निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस त्यांनी हात पोळेपर्यंत खाल्ला. अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधून जमिनीतल्या भट्टीत शिजवलेल्या पुड्या टेसने एकटीने पाच संपवल्या. लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाला डेल आधी बिचकला, मग त्याने तीनदा वाटी पुढे केली. आमची बायकामंडळी खूश. असं जीव लावून जेवणारे पाहुणे कोणाला आवडणार नाहीत?

होडीचं मात्र काही निराळंच चाललं होतं. बुधवारी तितिलियाने ती ओढत थेट त्यांच्या पुढ्यात आणली आणि खोबरेल चोळायला बसली.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे," कर्स्टन समुद्राकडे बघत म्हणाली.

"तेल जरा जास्तच झालंय," डेलने भर घातली.

गुरुवारी तिने तिघांना होडीत बसवून फिरवून आणलं. खाली निळे मासे, वर हिरवा डोंगर, आणि होडी अशी चालली होती की पाणी हलत नव्हतं. टेसने तोंड उघडलं. आईने चिमटा काढला.

शुक्रवारी होडीच्या नाकाला फुलांची माळ आली. "लोक म्हणतात, अख्ख्या बेटावर अशी होडी नाही," तितिलिया म्हणाली.

"असेल," डेल म्हणाला.

त्या दिवशी माशाच्या कालवणात मीठ नव्हतं. "उद्याच शनिवार ना?" म्हातारीने तिसऱ्यांदा विचारलं. शनिवारी तिचा दीर अपेनिसा आपली इंजिनाची बोट घेऊन पाहुण्यांना न्यायला येणार होता. आपण जाणार म्हणून ही कष्टी झालीय, हे बघून कर्स्टनचे डोळे भरून आले. चार दिवसांत कोणी इतका जीव लावतं, यावर तिचा विश्वास बसेना.

शनिवारी सकाळी सगळ्या बायका निरोप द्यायला किनाऱ्यावर जमल्या. खडकांपलीकडे इंजिनाचा आवाज आला आणि तितिलिया मटकन होडीच्या काठावर बसली. टेसला ते बघवेना. ती धावत गेली आणि म्हातारीच्या गळ्यात पडली.

"आजी, तुझी होडी खूप खूप सुंदर आहे. मला आवडली."

"टेस," कर्स्टन पुटपुटली. पण शब्द सुटून गेला होता.

तितिलिया उठली. हातांची ओंजळ करून तिने रीतीप्रमाणे तीन घुमणाऱ्या टाळ्या वाजवल्या. "ऐकलंत ना सगळ्यांनी? होडी या पोरीची झाली."

"आजी, नको, तिला काही कळत नाही. तुम्ही मासे कशाने पकडणार?" कर्स्टन रडकुंडीला आली. "आम्ही ती नेणार तरी कशी?" तितिलियाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिचं लक्ष बोटीकडे होतं.

अपेनिसा गुडघाभर पाण्यातून वर आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने नम्रपणे मान लववली. "वहिनी, एक मागणं आहे. दादाची होडी द्या. पलीकडच्या हॉटेलवाल्याला दारात फुलझाडांच्या कुंड्या मांडायला हवीय."

"भावोजी, जाळं मागितलंत, दिलं. कंदील, पेटी, शिवणयंत्र, सगळं दिलं. तुम्हाला कधी नाही म्हटलंय का मी?" तितिलिया म्हणाली. "पण होडी आता या पोरीची. ती परत येईपर्यंत मी नुसती सांभाळणार आणि वापरात ठेवणार. परक्याची वस्तू मी कशी देऊ?"

अपेनिसाने जमलेल्या बायकांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि तो पाठपिशव्या बोटीत चढवायला लागला.

तितिलिया कर्स्टनजवळ आली आणि हळूच म्हणाली, "एवढा एक शब्द तोंडातून काढायला चार दिवस लागले होय ग तुम्हाला? मी तर आशाच सोडली होती."