झाडावरचा प्यूमा

प्यूमा, अमेरिकेतलं ते बिबट्याएवढं रानमांजर, पाइनच्या झाडावर चढून बसला होता आणि खाली कुत्री घसा फुटेस्तोवर भुंकत होती. वाटाड्या डेलने एकेकाला ओढत नेऊन बाजूच्या झाडांना बांधलं. जखमी जनावर खाली पडलं तर कुत्र्यांना फाडतं, तो म्हणाला. मग हात झटकून त्याने सांगून टाकलं, मारायचा तर मारा, नाहीतर फोटो काढा आणि चला. लोक तसंही करतात.

सत्यजित गुडघाभर बर्फात उभा होता. जन्मात अंडंही न खाल्लेला हा माणूस आयडाहोच्या डोंगरात आला होता, तो केवळ साहेबाने बोलावलं म्हणून. २००१ चा डिसेंबर. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या ऑफिसातून दर शुक्रवारी कुणीतरी खोक्यात सामान भरून निघत होतं. नोकरी गेली की व्हिसाही गेला. निघताना ऑफिसातल्या निमिषने बजावलं होतं, “तो म्हणेल त्याला हो म्हण यार. तिथे तुझं सोवळं मिरवत बसू नकोस.”

साहेबाने, ग्रेगने, बंदूक खांद्याला लावली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग खाली घेतली आणि वळून सत्यजितकडे पाहिलं.

“तुला काय वाटतं?”

वरून प्यूमा बघत होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. राहू दे, जाऊ दे त्याला, हे शब्द सत्यजितच्या अगदी ओठांवर आले. पण साहेब आपल्याला जोखतोय, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता. कच खाणाऱ्या माणसाला या दिवसांत कोण ठेवून घेणार?

“मार की,” तो म्हणाला. आवाज पडला असं वाटून त्याने पुढे जोडलं, “मग एवढ्या लांब आलो कशाला?”

ग्रेग क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने गोळी झाडली. फांद्या मोडत ते धूड बर्फात येऊन पडलं. डेल सुरी काढून कामाला लागला.

डोंगर उतरताना ग्रेग झपाझप पुढे चालत राहिला. नेम छान होता, असं सत्यजितने दोनदा म्हणून पाहिलं. गाडीपाशी पोचल्यावर मात्र त्याला राहवेना. आपल्या नोकरीचं काय, त्याने सरळच विचारलं.

ग्रेगला काही उमगेना. “तुझी नोकरी? तू राहतोयस. ते केव्हाच ठरलंय.”

सत्यजितने गाडीचं उघडलेलं दार पुन्हा लावलं. “मग मला इथे का आणलंस?”

ग्रेग हातमोजे काढत होता. डेल ऐकत नाही ना, हे त्याने आधी पाहून घेतलं.

“माझ्याच्याने आता मारवत नाही. पण डेलसमोर सांगायची लाज वाटते, माझा बाप त्याच्याबरोबर शिकारीला यायचा. तू नको म्हणशील, अशी खात्री होती मला. मीटिंग रूममधला कोळी कागदी कपात घालून बाहेर सोडताना मी तुला पाहिलं होतं.”