कापल्याची खूण

करवत पेटीतून आरपार गेली, पेटीचे दोन तुकडे झाले, आणि आत काडीला दरदरून घाम फुटला.

कापलं जाण्याची भीती तिला कधीच नव्हती. कापणारा जादूगार तिचा सख्खा मोठा भाऊ होता. गुडघे छातीशी घेऊन ती पेटीच्या एका भागात मुटकुळं करून पडायची आणि करवत दुसरीकडून जायची. लग्नाच्या आधीपासून दादा तिला कापत आला होता, सुट्टीच्या दिवशी दोनदा. आज भीती होती ती पुन्हा जोडलं जाण्याची. जोडल्यावर बाहेर यायचं, उघड्या पोटाने गिरकी घ्यायची, आणि दादा गरजायचा, "बघा मंडळी! कापल्याची खूण तरी दिसते का?"

आज दिसण्यासारखी होती.

जुळी झाल्यावर काडी पुन्हा काडीच झाली होती. हात काडी, पाय काडी. फक्त पोटाची कातडी सैल अभ्र्यासारखी मागे राहिली. "लोक करवत सोडून तुझं पोट बघतात गं," दादा एकदा मायेने म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनीची धाकटी बहीण विंगेत उभी राहून मागे वाकून कमान करून दाखवायला लागली. पेटी गेली तर काडीने करायचं काय? कापून घेण्याचा अनुभव दुसऱ्या कुठल्या नोकरीत धरत नाहीत.

म्हणून मैत्रिणीकडे हवापालटाला जाते असं सांगून ती परगावी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर कापून घेतलं. शस्त्रक्रियेआधी खेळातली चमचमती विजार घालून ती डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली. "कापल्याची रेघ हिच्या आत राहायला हवी."

सैल कातडी कुठून कापायची, ती रेघ डॉक्टरीणबाईंनी पेनाने पोटावर काढली, पुसली, पुन्हा काढली. "भरलेल्या बाईचं सोपं असतं हो. ताणायला कातडी भरपूर, रेघ हवी तितकी खाली नेता येते. तुमच्याकडे ताणायला आहे काय? खाली धरली तर बेंबी नव्या जागी बसवल्यावर जुन्या भोकाची उभी रेघ वेगळी राहील. एकच हवी असेल तर ती बोटभर वर येणार. विजारच वर शिवून घ्या ना."

"विजार वहिनी शिवते," काडी म्हणाली.

यात अडचण काय, ते डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. रेघ बोटभर वर आली. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुलाबी. वर्षभरात फिकट पडेल म्हणाल्या. पण वहिनीची बहीण वर्षभर कमान करत थांबणार नव्हती. म्हणून आजच्या पहिल्या खेळाला रेघेवर कातडीच्या रंगाचा लेप होता, लेपावर पावडर, आणि दिव्यांवर काडीचा नवरा. झोत तोंडावरच ठेवायचा. पोटावर पडला तर घरी येऊ नकोस, असं तिने त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

झाकण उघडलं. काडी हसत बाहेर आली. घामाबरोबर लेप ओघळून विजारीत चालला होता, तिला ते नीट कळत होतं. नवऱ्याने झोत तिच्या तोंडावर असा रोखला होता, की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"बघा मंडळी! कापल्याची खूण तरी दिसते का?"

"इथून काय डोंबल दिसणार?" पहिल्या रांगेतला एक टकला गृहस्थ ओरडला. "उजेड सगळा थोबाडावर!"

"मग वर या की साहेब, जवळून बघा!" दादा म्हणाला. तो नेहमीच असं म्हणायचा. कुणी कधी आलं नव्हतं.

हा आला. बायको शर्ट ओढत होती, तरी आला. रंगमंचावर चढून त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि काडीच्या पोटापुढे वाकला. काडीने श्वास रोखून पोट आत ओढलं. त्याने पोट आणखी सपाट झालं आणि रेघ आणखी ठसठशीत.

टॉर्च डावीकडून उजवीकडे गेला. उजवीकडून परत डावीकडे आला.

"अहो," गृहस्थ प्रेक्षकांकडे वळला. त्याचा आवाज पार चिरकला होता. "अहो, हा माणूस खरंच कापतो!"

तेवढ्यात नवऱ्याची बुद्धी कुठे चरायला गेली कुणास ठाऊक, वरून झोत सरळ पोटावर आला.

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा या कुटुंबाने कधी ऐकला नव्हता. लोक खुर्च्यांवर चढले. कुणीतरी रडत होतं. विंगेत वहिनीच्या बहिणीने कमान सोडली आणि घाईघाईने आपली पर्स शोधायला लागली.

काडीची मात्र मान वर होईना. आता दादा काय म्हणेल? लपवलं म्हणेल, धंदा बुडवलास म्हणेल. तिने हळूच त्याच्याकडे पाहिलं.

दादा प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायचं विसरला होता. तो तिच्या पोटाकडे बघत होता, मग हातातल्या करवतीकडे, मग पुन्हा पोटाकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. झोपलेलं मूल ठेवावं तशी त्याने करवत खाली ठेवली. टाळ्या वाजतच होत्या. तो तिच्या कानाशी आला.

"काडे," तो म्हणाला, "इतकी वर्षं लागत होतं, तर बोलली का नाहीस गं?"