पहिलं इंग्रजी भाषांतर

नको होतं तेच पुस्तक हिल्केच्या हाती लागलं.

बसऱ्याच्या एका व्याकरणपंडिताने हजार वर्षांपूर्वी अरबीत ग्रंथ लिहिला होता: शब्द कुठे संपतो आणि ईश्वर कुठे सुरू होतो. त्याचं इंग्रजी करण्यात प्राध्यापक टेर्पस्ट्रांनी उभी हयात घालवली. त्यांच्या पत्नी म्हणायच्या, "यांचा खरा संसार त्या अरबाशी. मी आपली कॉफीपुरती."

आता प्राध्यापकांनी अंथरूण धरलं होतं. हस्तलिखित तयार होतं. पण मुखपृष्ठावर 'पहिलं इंग्रजी भाषांतर' असं छापायचं, तर ते आधी कुणी केलेलं नाही ना, याची खात्री करून घ्यायची, ही लायडन विद्यापीठाची रीत. ते काम त्यांनी आपल्या सगळ्यात चिवट विद्यार्थिनीवर, हिल्केवर, सोपवलं होतं.

आणि मास्ट्रिख्टजवळच्या एका बंद पडलेल्या मठाच्या रद्दीत तिला ते मिळालं. दुसऱ्या महायुद्धाआधी बैरुतला छापलेलं इंग्रजी भाषांतर. भाषांतरकार कुणी नसीम खलाफ, शाळामास्तर.

परतीच्या गाडीत तिने ते वाचून काढलं. सुरेख होतं. वाक्यामागून वाक्य प्राध्यापकांच्याच वळणाचं. दोन प्रामाणिक माणसं एकाच मजकुरापुढे बसली की अशी जुळतात, असं वाटून तिला भरून आलं.

हे सांगितलं तर म्हातारा आज रात्रीच जायचा. लपवलं तर आपण कसले अभ्यासक? लायडन येईपर्यंत हिल्के याच विचारात होती. मग पुलावर उभं राहून तिने पुस्तक कालव्यात सोडलं. बदकं लगबगीने आली, खाण्याजोगं नाही म्हणून परत गेली.

प्राध्यापकांच्या घरी बाईंनी तिला कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. आजारपणाने घरची शिस्त बिघडली नव्हती.

"काय गं, लागलं काही हाताला?" प्राध्यापकांनी विचारलं.

"नाही, सर."

लंडन पाहिलं का, केंब्रिज पाहिलं का, एकेक विचारून झालं. मठांची ग्रंथालयंसुद्धा? तीसुद्धा, ती म्हणाली.

त्यांनी तिचा हात धरला. 

"शपथेवर सांगतेस?"

हिल्के पाद्र्याची मुलगी. तिने शपथ घेतली.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम टवटवी आली. ते उशीला टेकून बसले. दुसरं बिस्कीट मागितलं, आणि नवल म्हणजे मिळालंही.

"मग पाठव छापायला," चघळत चघळत ते म्हणाले. "तुझ्यासारखीला नसीम खलाफ सापडला नाही, म्हणजे आता तो कुणालाच सापडत नाही."